वीसपर्यंत पाठ, तरी चार चमचे जमेनात

पाहुणे आले की घरातल्या साडेतीन वर्षांच्या नातीला हमखास पुढं केलं जातं. 'म्हणून दाखव बरं आकडे!' नात एका दमात वीसपर्यंत पोचते. मध्ये पंधरा गळतो, पण ती थांबत नाही. सगळे कौतुक करतात. थोड्या वेळानं आजी स्वयंपाकघरातून हाक मारते, 'बाळा, चार चमचे आण गं.' नात मांडणीवरचे मूठभर चमचे उचलते आणि आजीच्या हातात ठेवते. सहा असतील, आठ असतील, मुठीत मावले तेवढे. आजीला वाटतं, पोरीचं लक्ष नाही.

लक्ष पुरतं असतं. 'चार' हा शब्द तिला येतो, पण तो नेमक्या किती चमच्यांना लागू होतो हे अजून उलगडलेलं नसतं. अडीच ते चार वर्षांच्या दरम्यान बहुतेक मुलं या अवस्थेतून जातात आणि ती अवस्था काही आठवड्यांत संपत नाही. आकडे म्हणणं आणि मोजणं ही दोन वेगळी कामं आहेत. पहिलं पाठांतरानं जमतं. दुसऱ्यासाठी ताटं, वाट्या, चपला, बटाटे आणि सोबत बोलणारं मोठं माणूस लागतं. मुलाला शाळेत घालण्याआधी घरी काय शिकवावं, या काळजीपोटी पालक गिरवायच्या वह्या आणि भिंतीवरचे तक्ते आणतात. त्यातून आकड्याचं चित्र हाताखालून जातं. त्या चित्रामागची संख्या कळायला मात्र वहीचा फारसा उपयोग नसतो.

म्हणता येतं, मोजता येत नाही

जिना चढताना, लपाछपीत राज्य घेताना, झोका देताना मुलाच्या कानावर आकडे पडत असतात. ते त्याच्या तोंडी बसतात आरतीसारखे. आरती पाठ असलेल्या माणसाला मधल्याच एका ओळीच्या पुढची ओळ विचारली, तर त्याला मनातल्या मनात पहिल्यापासून म्हणत यावं लागतं. अडीच-तीन वर्षांच्या मुलाला 'सहानंतर काय?' असं विचारलं तर नेमकं हेच होतं. ते 'एक, दोन...' अशी पुन्हा सुरुवात करतं. अमेरिकन संशोधक कॅरन फ्युसन यांनी १९८०च्या दशकात हे टप्पे बारकाईनं नोंदवले. आधी सगळे आकडे एकमेकांना चिकटलेले असतात. मग ते सुटे होतात, मग मुलाला कुठूनही सुरुवात करता येते आणि बऱ्याच काळानं उलटंही म्हणता येतं.

पाठांतर निरुपयोगी नाही. आकड्यांचा क्रम पक्का नसेल तर मोजणी होणारच नाही. पण मोजायला आणखी बरंच काही लागतं. रोशेल गेलमन आणि रँडी गॅलिस्टेल या दोघांनी १९७८मध्ये ते नीट मांडलं. प्रत्येक वस्तूला एक आणि एकच आकडा द्यायचा. कोणतीही वस्तू दोनदा मोजायची नाही की गाळायची नाही. शेवटी उच्चारलेला आकडा हा त्या शेवटच्या वस्तूचा नसतो, तो सगळ्या वस्तू मिळून किती ते सांगतो. मोजायला चमचे घ्या, माणसं घ्या किंवा टाळ्या घ्या, पद्धत तीच. आणि सुरुवात डावीकडून केली काय, उजवीकडून केली काय, उत्तर बदलत नाही. मोठ्यांना हे सांगण्यासारखंही वाटत नाही, इतकं ते अंगवळणी पडलेलं असतं. मुलाला यातली प्रत्येक गोष्ट वेगळी शिकावी लागते.

सर्वांत अवघड असतं ते 'शेवटचा आकडा म्हणजे सगळे मिळून' हे कळणं. एखादं मूल पाच बटाट्यांना बोट लावत अगदी बरोबर मोजतं. लगेच विचारावं, 'मग बटाटे किती?' तर ते पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागतं. त्याच्या दृष्टीनं 'किती?' या प्रश्नाचं उत्तर म्हणजे मोजण्याची ती सगळी कृती. 'पाच' हा त्या कृतीतला फक्त शेवटचा आवाज असतो.

आधी एक, मग दोन, मग तीन

हा गुंता किती मोठा आहे हे कॅरन विन या मानसशास्त्रज्ञांनी १९९०च्या सुमारास एका अगदी साध्या चाचणीतून दाखवलं. मुलापुढं खेळण्यांचा ढीग ठेवायचा आणि म्हणायचं, 'या बाहुल्याला एक दे. आता दोन दे. आता तीन दे.' चाचणी एवढीच. घरी बटाटे-कांदे घेऊनही ती होते.

तिच्यातून एक ठरावीक क्रम पुढं आला. सुरुवातीला मूल फक्त 'एक' ओळखतं. एक मागितलं तर एकच देतं. दोन, चार, सहा काहीही मागितलं तर मूठभर देतं. काही महिन्यांनी 'दोन' कळतो. आणखी काही महिन्यांनी 'तीन'. काही मुलं चारपर्यंतही असंच एकेक पाऊल टाकत जातात. त्यानंतर एक मोठा बदल होतो. पाच, सहा, सात स्वतंत्रपणे शिकावे लागत नाहीत. मोजण्याची सगळी युक्तीच मुलाला एकदम कळते आणि येतील तेवढ्या आकड्यांना ते ती लावू लागतं. हे साधारण साडेतीन ते चार वर्षांच्या आसपास घडतं. कुणाचं थोडं आधी, कुणाचं थोडं नंतर.

तीनापर्यंत एकेक आणि पुढचं एकदम, असं का? याचं उत्तर तान्ह्या बाळांपर्यंत जातं. एक, दोन आणि तीन वस्तू न मोजता, नुसत्या नजरेनं ओळखण्याची क्षमता माणसात उपजत असते. विन यांनीच १९९२मध्ये पाच महिन्यांच्या बाळांना एक बाहुली दाखवली, तिच्यापुढं पडदा सरकवला आणि बाळांच्या देखत दुसरी बाहुली पडद्याआड ठेवली. पडदा हटल्यावर एकच बाहुली दिसली, तर बाळं तिच्याकडं जास्त वेळ टक लावून बघत राहिली. दोन असायला हव्या होत्या हे त्यांना जाणवलं होतं. वस्तू वाढल्या की ही नजर पुरत नाही. तिथं फक्त 'थोडं' आणि 'पुष्कळ' एवढाच अंदाज उरतो. सहा आणि सात यांतला फरक नेमका पकडायचा तर शब्दच लागतात.

शब्द नसतील तर काय होतं, हे ब्राझीलमधल्या ॲमेझॉन खोऱ्यात राहणाऱ्या पिराहा लोकांकडं दिसतं. त्यांच्या भाषेत नेमक्या संख्यांसाठी शब्द नाहीत. २००८मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात संशोधकांनी त्यांच्यापुढं दोऱ्याची रिळं मांडली आणि तेवढेच फुगे ठेवायला सांगितलं. रिळं समोर असताना त्यांनी प्रत्येक रिळापुढं एकेक फुगा बिनचूक मांडला. रिळं झाकली आणि आठवणीनं मांडायची वेळ आली, तेव्हा चुका होऊ लागल्या. जोडी लावणं त्यांना येत होतं; संख्या मनात धरून ठेवायला शब्द नव्हता. घरातल्या मुलाकडं शब्द आहे आणि जोडी लावण्याची समजही आहे. या दोन्ही गोष्टी एकत्र आणायचं काम घरच्यांना करता येतं.

आधी 'किती' सांगा, मग मोजा

हे काम बहुतांशी बोलण्यातून होतं. शिकागोमध्ये सुझन लिवाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ४४ मुलांच्या घरी जाऊन नेहमीच्या दिनक्रमाचं चित्रीकरण केलं. मूल १४ महिन्यांचं असल्यापासून ३० महिन्यांचं होईपर्यंत पाच भेटी, प्रत्येक दीड तासाची. म्हणजे प्रत्येक घरातलं साडेसात तासांचं बोलणं हाती आलं. त्यात पालकांच्या तोंडी संख्यांचे शब्द किती आले? एका टोकाला अवघे चार, दुसऱ्या टोकाला २५७. मुलं ४६ महिन्यांची झाल्यावर त्यांना चित्रांची दोन पानं दाखवून 'चार कुठं आहेत?' असं विचारलं. ज्या घरांत संख्या जास्त बोलल्या गेल्या होत्या, तिथली मुलं सरस ठरली. घरची सांपत्तिक स्थिती आणि एकूण बोलण्याचं प्रमाण हिशेबात धरूनही हा फरक उरला. हा अभ्यास २०१०मध्ये प्रसिद्ध झाला.

पुढच्या वर्षी त्याच नोंदी आणखी खोलात तपासल्या गेल्या. नुसते आकडे म्हणून घेण्यापेक्षा, डोळ्यांसमोरच्या वस्तूंबद्दल बोललेल्या संख्या जास्त उपयोगी पडल्याचं दिसलं. त्यातही चार ते दहा वस्तूंबद्दलचं बोलणं विशेष उपयोगी ठरलं. घराघरात याच्या उलट होतं. 'दोन डोळे, एक नाक' हे रोज होतं. 'डब्यात सहा लाडू राहिलेत' हे मुलाला उद्देशून क्वचितच म्हटलं जातं.

बोलण्याची रीतही महत्त्वाची. केली मिक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२मध्ये वेगवेगळ्या रीती ताडून पाहिल्या. नुसतं मोजून दाखवलं, तर फारसा उपयोग झाला नाही. नुसतं 'हे तीन कुत्रे' असं सांगितलं, तरी नाही. आधी एकूण संख्या सांगितली आणि त्याच दमात मोजून दाखवलं, तेव्हा मात्र मुलं पुढं सरकली. 'बघ, चार केळी आहेत. एक, दोन, तीन, चार.' या बोलण्यात 'चार' दोनदा येतो. एकदा सगळ्या केळ्यांचं नाव म्हणून, एकदा मोजणीचा शेवट म्हणून. दोन्ही 'चार' एकच आहेत, हे मुलाला सावकाश दिसू लागतं. पालकांनी या लेखातलं एकच काही उचलायचं असेल तर हे उचलावं. यासाठी वेगळा वेळ काढावा लागत नाही की विकतचं साहित्य लागत नाही.

पानं मांडणं हाच पहिला पाठ

दोन वर्षांच्या मुलाला मोजायला सांगायची घाई नको. त्या वयात जोडी लावणं पुरेसं आहे. जेवणाच्या वेळी प्रत्येक ताटाजवळ एक वाटी, प्रत्येक वाटीत एक चमचा. दारातल्या चपलांच्या जोड्या. वाळलेल्या कपड्यांतून मोज्यांच्या जोड्या. डब्यांना त्यांची झाकणं. 'बाबांना वाटी मिळाली? आजोबांना? कोण राहिलं?' हा प्रश्न विचारला की मूल पाटांवर नजर फिरवतं आणि राहिलेला माणूस शोधतं. एकाला एक या नियमाचा अभ्यास यातच होतो.

तीन वर्षांच्या मुलाला आणायला सांगावं. 'दोन बटाटे आण.' दोन जमू लागले की तीन. मूठभर आणले तर रागावू नये आणि 'चुकलं' म्हणून परतही पाठवू नये. आणलेले बटाटे ओट्यावर ओळीनं ठेवावेत: 'हे पाच आलेत. एक, दोन, तीन, चार, पाच. आपल्याला तीन हवेत.' मग दोन त्याच्याच हातानं टोपलीत परत ठेवायला लावावेत. मुलाला सध्या जी संख्या कळते तिच्यापुढची एकच मागावी. 'दोन' नुकता कळलेल्या मुलाकडून सात मागितले, तर त्यातून त्याला काही मिळत नाही.

घरातल्या आणि परिसरातल्या वस्तूंवर शिकवण्याची ही पद्धत महाराष्ट्रात नवी नाही. गिजुभाई बधेका यांनी १९२०मध्ये भावनगरला दक्षिणामूर्ती बालमंदिर सुरू केलं. तिथं त्यांच्यासोबत काम केलेल्या ताराबाई मोडक यांनी पुढं १९४५मध्ये डहाणू तालुक्यातल्या बोर्डीला ग्रामीण मुलांसाठी बालशिक्षणाचं केंद्र उभारलं. अनुताई वाघ त्यांच्यासोबत होत्या. पुढं हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. पाड्यांवरची मुलं शाळेत येत नाहीत हे पाहून त्यांनी शाळाच मुलांच्या अंगणात नेली आणि 'अंगणवाडी' तिथं आकाराला आली. परदेशी बनावटीचं माँटेसरी साहित्य तिथं परवडणारं नव्हतं. म्हणून शिंपले, बिया, पानं, खडे, काड्या हेच साहित्य झालं. आजच्या दोन खोल्यांच्या घरातही तेवढं सहज गोळा होतं.

चूक स्वतःच दाखवणाऱ्या काड्या

मारिया माँटेसरी यांनी ६ जानेवारी १९०७ रोजी रोममधल्या सान लोरेंझो या गरीब वस्तीत पहिलं 'बालगृह' उघडलं. त्यांच्या साहित्यातली काड्यांची पेटी समजून घेण्यासारखी आहे. पेटीला शून्य ते नऊ असे दहा कप्पे. प्रत्येक कप्प्यात त्याच्या आकड्याएवढ्या काड्या टाकायच्या. एकूण काड्या बरोबर ४५, एकही जास्त नाही. एक ते नऊची बेरीज तेवढीच येते. सातच्या कप्प्यात आठ पडल्या तर नऊपर्यंत येताना एक काडी कमी पडते. सहाच पडल्या तर शेवटी एक उरते. कुणी 'चूक!' म्हणायची गरज उरत नाही. मूल मागं जातं आणि आपणच शोधतं.

चार वर्षांच्या पुढच्या मुलासाठी घरी हेच करायला दहा कागदी पेले आणि आइस्क्रीमच्या ४५ काड्या पुरतात. सुरुवात पाच पेल्यांपासून करावी: शून्य ते चार, आणि काड्या दहा.

पहिला पेला रिकामाच राहतो, आणि मुलांना तिथंच प्रश्न पडतो. शून्य समजावण्यासाठी माँटेसरी एक खेळ घेत. मुलाला सांगायचं, 'माझ्याकडं दोनदा ये.' मग 'तीनदा ये.' मग 'शून्य वेळा ये.' पहिल्यांदा मुलं शून्यालाही धावत येतात. 'अरे, तू तर एकदा आलास!' असं म्हटल्यावर विचारात पडतात. जागच्या जागी उभं राहणं हे शून्याचं बरोबर उत्तर आहे, हे कळायला दोन-चार फेऱ्या लागतात.

[चौकट]
लहान वस्तूंबद्दल खबरदारी
तीन वर्षांखालची मुलं हातात येईल ते तोंडात घालतात, नाकातही खुपसतात. शेंगदाणे, हरभरे, चिंचोके, मणी, गोट्या, नाणी त्यांच्या खेळात नकोत. शेंगदाणा श्वासनलिकेत अडकला तर जिवावर बेततं. घड्याळातले आणि खेळण्यांतले चपटे गोल सेल तर कोणत्याच वयाच्या मुलाच्या हाती लागू देऊ नयेत. या वयाला बटाटे, वाट्या, मोठी झाकणं, चमचे, मोजे योग्य. पाण्याचे खेळ घेताना मोठं माणूस हाताच्या अंतरावर हवं आणि खेळ संपताच बादली रिकामी करावी. तीन वर्षांच्या पुढंही बियांचे खेळ नजरेसमोरच घ्यावेत.

पसरलं म्हणजे वाढलं?

चार वर्षांच्या मुलाला मोजता येऊ लागलं की घरचे निर्धास्त होतात. तेवढ्यात एक नवा चमत्कार दिसतो. बटाट्यांच्या दोन सारख्या ओळी मांडल्या, सहा वर आणि सहा खाली. मूल म्हणतं, सारखे. मग खालची ओळ लांब पसरवली. आता कुठं जास्त? मूल लांब ओळीकडं बोट दाखवतं. स्विस मानसशास्त्रज्ञ ज्याँ पियाजे यांनी हा प्रयोग प्रसिद्ध केला. मांडणी बदलली तरी संख्या बदलत नाही, ही समज साधारण सहा-सात वर्षांच्या सुमारास पक्की होते, असं त्यांचं म्हणणं होतं.

१९७४मध्ये जेम्स मॅकगॅरिगल आणि मार्गारेट डोनाल्डसन यांनी याला एक सुंदर जोड दिली. ओळ मोठ्या माणसानं हलवण्याऐवजी एका खोडकर अस्वलानं, म्हणजे खेळण्यातल्या टेडीनं येऊन विस्कटली. मग विचारलं तेव्हा चार ते सहा वर्षांच्या कितीतरी अधिक मुलांनी 'सारखेच' असं उत्तर दिलं. मोठं माणूस मुद्दाम काही हलवतं आणि तोच प्रश्न पुन्हा विचारतं, तेव्हा मुलाला वाटतं की आता वेगळं उत्तर हवं असणार. पालकांनी यातून एक सवय लावून घ्यावी. मुलानं बरोबर उत्तर दिल्यावर, खात्री करून घ्यायला तोच प्रश्न पुन्हा विचारू नये. मुलं ते 'चुकलं' असं ऐकतात आणि बरोबर उत्तर बदलून टाकतात.

पोळ्या करताना हा अनुभव सहज देता येतो. कणकेचे दोन सारखे गोळे घ्यावेत. एक मुलाला चिमणीची पोळी लाटायला द्यावा आणि दुसरा तसाच ठेवावा. पोळी मोठी दिसते. 'आता कणीक कशात जास्त?' मूल पोळीकडं बोट दाखवेल. तिथं समजावत बसू नये. पोळीचा पुन्हा गोळा करू द्यावा. उंच पेल्यातलं पाणी पसरट ताटलीत ओतून परत पेल्यात ओतणं, डब्यातले तांदूळ वाटीनं मोजून पातेल्यात घालणं, हे त्याच जातीचे खेळ. परत मूळ रूपात आणता येणं हा त्यातला खरा पुरावा असतो आणि तो मुलाच्या हातांना मिळायला हवा.

खडूनं आखलेली दहा घरं

आकडा पुढचा म्हणजे मोठा आणि प्रत्येक पुढचा आकडा एकानंच मोठा, हे नुसत्या मोजण्यातून पटकन कळत नाही. गीता रमानी आणि रॉबर्ट सिगलर यांनी अमेरिकेतल्या गरीब घरांमधल्या बालवाडीच्या मुलांना एका सरळ पट्टीवर दहा घरांचा खेळ खेळायला दिला. घरांत एक ते दहा आकडे. फिरत्या चकतीवर एक किंवा दोन येणार, तेवढी घरं सोंगटी पुढं सरकवायची आणि सरकवताना घरातला आकडा मोठ्यानं म्हणायचा. दोन आठवड्यांत पंधरा-वीस मिनिटांची चार सत्रं झाली. आकडे ओळखणं, मोजणं, दोनांतला मोठा आकडा सांगणं आणि रेषेवर त्याची जागा दाखवणं, या सगळ्यांत मुलं सुधारली. नऊ आठवड्यांनंतरही ती सुधारणा टिकून होती. ज्यांच्या पट्टीवर आकड्यांऐवजी नुसते रंग होते, त्यांच्यात असा फरक पडला नाही. पुढच्या एका अभ्यासात घरं गोलाकार मांडली, तर फायदा उणावला. सरळ पट्टीवर मोठा आकडा लांब असतो, तिथं पोचायला जास्त वेळ लागतो आणि जास्त वेळा बोलावं लागतं. या सगळ्या खुणा एकाच दिशेनं जातात.

घरातल्या फरशीवर हा खेळ पाच मिनिटांत तयार होतो. चार वर्षांच्या मुलासाठी एका ओळीत दहा फरश्या घ्याव्यात आणि त्यांवर खडूनं डावीकडून उजवीकडं आकडे लिहावेत. फाशाऐवजी एक कवडी. उताणी पडली तर एक घर, उपडी पडली तर दोन. सोंगटी म्हणून बाटलीचं मोठं बूच, नाहीतर मूल स्वतःच उड्या मारत जाईल. सापशिडीचा नेहमीचा पट या वयाला घाईचा होतो. तिथं शंभर घरं असतात, ओळ एकदा उजवीकडं जाते, मग डावीकडं वळते, आणि साप कधी खाली आणेल याचा नेम नसतो.

खेळताना मोजण्याची एक बारीक गोष्ट सांभाळावी. सोंगटी पाचावर आहे आणि कवडी उपडी पडली. बहुतेक मुलं आणि मोठी माणसंही 'एक, दोन' म्हणत दोन घरं सरकतात. त्याऐवजी 'सहा, सात' म्हणायचं. एलिडा लास्की आणि सिगलर यांनी २०१४मध्ये शंभर घरांच्या पटावर हीच तुलना केली. घरातला आकडा म्हणत पुढं गेलेल्या मुलांना फायदा झाला, 'एक, दोन' म्हणत गेलेल्यांना जवळजवळ नाही. पाचाच्या पुढं सहा म्हणताना मुलाला पहिल्यापासूनच्या पाठांतरातून बाहेर पडून मध्येच सुरुवात करावी लागते. पहिले काही डाव ते अडखळेल, घरातला आकडा बघून म्हणेल किंवा शेजारी खेळणाऱ्या आजोबांच्या मागून म्हणेल. हे चालतं. दहा घरं सरावाची झाली की ओळ आणखी दहा फरश्या पुढं न्यावी. जागा नसेल तर कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूच्या पट्ट्या कापून एकापुढं एक चिकटवाव्यात, म्हणजे पट सतरंजीखाली गुंडाळून ठेवता येतो आणि पावसाळ्यातल्या दुपारी पुन्हा काढता येतो.